जुना कॉम्प्युटर कार्यालयाबाहेर जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, ती बदलायला लहान कार्यालयांनी सुरुवात केली. नवं मशीन टेबलावर येतं, जुनं टेबलाखाली सरकतं, तिथून माळ्यावर जातं आणि दिवाळीच्या साफसफाईत किंवा जागा बदलताना रद्दीबरोबर भंगारात जातं. आत हार्ड डिस्क तशीच असते, आणि डिस्कवर आठ-दहा वर्षांचं काम.

सीए, दवाखाने, पतसंस्था, क्लासेस अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरांची देखभाल हा माझा व्यवसाय. चालू मशीनची काळजी सगळे घेतात. त्याला पासवर्ड असतो, अँटिव्हायरस असतो, बिघडलं तर मला फोन येतो. वापर थांबला की त्याच मशीनला वाली उरत नाही. माहिती फुटते ती बहुतेकदा याच मधल्या काळात, म्हणजे मशीन बंद झाल्यापासून ते कोणीतरी उचलून नेईपर्यंत. त्या काळाबद्दल मला विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत.

आमचा धंदा एवढासा. आमच्या डिस्कमध्ये कोणाला रस असणार?

धंदा लहान असला तरी डिस्क लहान नसते. करसल्लागाराचं एक मशीन डोळ्यासमोर आणा. तीन-चारशे अशिलांचे पॅन आणि आधार, बँकेचे खातेउतारे, आयकर आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, सह्यांचे स्कॅन, घराच्या खरेदीखतांच्या प्रती. क्लासच्या मशीनवर मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे नंबर असतात. मेडिकलच्या मशीनवर कोण कुठली गोळी घेतं ते असतं. यातलं जवळजवळ काहीच तुमचं नाही. लोकांनी ते विश्वासानं तुमच्याकडे ठेवलेलं आहे.

रस कोणाला, हा प्रश्न म्हणूनच पुरेसा नाही. जुनी डिस्क घेणाऱ्याला ती फक्त डिस्क म्हणून हवी असते. पण ती तीन-चार हात बदलते आणि शेवटच्या हाताबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं. अमेरिकेत सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट या संशोधकांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. चालू स्थितीत निघाल्या १२९. त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. अनेक डिस्क विकण्याआधी फॉरमॅट केलेल्या होत्या, तरीही.

मी सगळं डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा केला. वर फॉरमॅटही मारला. एवढं पुरे ना?

नाही. मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीनं होतं.

डिलीट केल्यावर फाइल जागची हलत नाही. लॉजच्या वहीत खोली रिकामी अशी नोंद झाली, पण पाहुण्याचं सामान खोलीतच आहे, अशी ती अवस्था असते. नवा पाहुणा त्याच खोलीत येईपर्यंत सामान तिथेच राहतं. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनी वही टाकून कोरी वही ठेवणं. खोल्यांना त्यात कोणी हात लावलेला नसतो. मोफत मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर वही बघतच नाही, थेट एकेक खोली उघडून बघतं.

विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो. त्याला वेळ लागतो, आणि पुसण्याचं काम म्हणून तो बराच बरा. पण विंडोज ज्या भागावर आहे तो भाग चालू विंडोजमधून असा पुसता येत नाही. ‘नवीन विंडोज टाकली, म्हणजे जुनं गेलं’ हेही खरं नाही. नवी विंडोज डिस्कचा एक कोपरा व्यापते, बाकीच्या खोल्यांत जुनं सामान तसंच असतं.

मग हार्ड डिस्क पुसायची कशी?

फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क असेल तर काम सोपं आहे, फक्त वेळखाऊ आहे. डिस्कच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत एकदा शून्यं लिहायची. १ टीबीच्या डिस्कला साधारण दोन ते तीन तास लागतात, फार जुन्या मशीनवर त्याहून जास्त. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर विंडोजमधलीच ‘डिस्कपार्ट’ ही सोय ‘क्लीन ऑल’ या आज्ञेनं हे काम करते. नुसतं ‘क्लीन’ लिहिलंत तर फक्त वही पुसली जाते, म्हणून ‘ऑल’ विसरू नका. आणि आज्ञा देण्याआधी कुठली डिस्क निवडली आहे ते दोनदा वाचा. घाईत चालू मशीनचीच डिस्क पुसणारे लोक मी पाहिले आहेत. मशीन उघडूनच करणार असाल तर बाकीच्या सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरून पुसण्याचं साधन चालवा, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही.

‘पस्तीस वेळा पुसावं लागतं’ असं अजूनही सांगितलं जातं. त्याचं मूळ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधात आहे, आणि तो आकडा त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क एकाच वेळी डोळ्यासमोर ठेवून आलेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची, म्हणजे ‘निस्ट’ची, या विषयावरची ‘८००-८८’ ही मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिच्या मते आजच्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण लिहिणं पुरेसं आहे. एकदाच पुसा, पण पूर्ण पुसा आणि नंतर तपासा. कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून काही सापडतंय का ते बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं बहुतेक जण देत नाहीत.

आमच्याकडे एसएसडी आहे. तिलाही हेच?

तिचं वेगळं आहे. एसएसडीत फिरत्या तबकड्या नसतात, माहिती चिपांवर असते. तिच्या पेशी ठराविक वेळाच लिहिता येतात, म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, लिखाण सगळीकडे पसरवत राहतो. शिवाय काही जागा तो राखीव ठेवतो, जी विंडोजला दिसतच नाही. तुम्ही वरून शून्यं लिहिलीत तरी जुनी प्रत त्या राखीव जागेत राहू शकते. म्हणून हे काम कंट्रोलरलाच सांगावं लागतं. त्यासाठी ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइज’ अशी आज्ञा असते. ती अनेक मशीनांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये मिळते, नाहीतर एसएसडीच्या कंपनीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. काम काही मिनिटांत होतं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, पण तो मशीन नवं असतानाच धरावा लागतो. पहिल्या दिवशी बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्कला कुलूप लावायची सोय, चालू करायचा. डिस्कवर जे जाईल ते कुलूपबंद होऊन जातं, आणि शेवटच्या दिवशी किल्ली नष्ट केली की उरतो तो निव्वळ गोंगाट. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर येतो. तो मध्येच कधीतरी चालू करणार असाल तर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊ नका. तसं केलं तर आधी डिलीट केलेल्या फाइलींच्या खोल्या उघड्याच राहतात. रिकव्हरी की कागदावर छापून मशीनच्याच पिशवीत ठेवलेली मी पाहिली आहे. ती की वेगळ्या जागी जपायची असते, आणि मशीन जाताना तीही नष्ट करायची असते.

मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असेल, तर सेटिंगमधून ‘सर्व मजकूर आणि सेटिंग पुसा’ हा पर्याय वापरला की झालं.

डिस्क बंदच पडली आहे. ती तर कोणालाच वाचता येणार नाही ना?

तुम्हाला वाचता येत नाही, एवढंच त्यातून कळतं. पुष्कळदा बिघाड वरच्या हिरव्या सर्किटच्या पट्टीत असतो, तबकड्या ठणठणीत असतात. पट्टी बदलली की डिस्क बोलू लागते.

बंद डिस्क सॉफ्टवेअरनं पुसता येत नाही, म्हणून ती फोडावी लागते. साडेतीन इंची डिस्कला ड्रिलनं तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. तेव्हा डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, आणि डिस्क गोणपाटात गुंडाळून. एसएसडीला एक भोक उपयोगाचं नाही, कारण प्रत्येक काळी चिप वेगळी आहे आणि एक वाचली तरी तिच्यात मजकूर आहे. सगळ्या चिपा मोडल्या पाहिजेत.

पाण्यात बुडवणं, उन्हात टाकणं, घरचा लोहचुंबक फिरवणं, यातल्या कशाचाही भरवसा नाही. डिगॉसर नावाचं जोरदार चुंबकीय यंत्र हार्ड डिस्क खरोखर निकामी करतं, पण एसएसडीवर त्याचा परिणाम होत नाही, कारण तिथे चुंबकीय असं काही नसतंच. जाळू तर मुळीच नका, धूर विषारी असतो. आणि लॅपटॉप किंवा मोबाईल बॅटरीसकट कधीही ठोकू अगर भोसकू नका. लिथियमची बॅटरी पेट घेते.

वॉरंटीतली डिस्क बंद पडली तर कंपनी जुनी घेऊन नवी देते. ती जुनी डिस्क तुमच्या अशिलांच्या कागदांसकट जाते, हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. काही कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन खराब डिस्क ग्राहकाकडेच राहू देतात. मशीन घेतानाच हे विचारून घ्या. तशी सोय नसेल आणि डिस्कवर रुग्णांची किंवा खातेदारांची माहिती असेल, तर माझा सल्ला आहे की नव्या डिस्कचे दोन-चार हजार सोडा आणि जुनी फोडा.

कॉम्प्युटर सोडून आणखी कशाकशात माहिती असते?

लोक इथे दचकतात, म्हणून सावकाश सांगतो.

मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असू शकते, आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तिच्यावर साठू शकतात. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य योजनेनं भाड्यानं घेतलेली झेरॉक्स मशीनं डिस्क न पुसता परत केली. त्यांतलं एक सीबीएस या वृत्तवाहिनीनं विकत घेतलं आणि आतून रुग्णांची माहिती निघाली. जास्तीत जास्त ३,४४,५७९ लोकांची माहिती उघडी पडली असावी असा अंदाज होता. २०१३ मध्ये संस्थेनं तडजोडीपोटी १२,१५,७८० डॉलर भरले. आपल्याकडे कार्यालयांत आणि दुकानांत भाड्याची किंवा सेकंडहँड आयात केलेली झेरॉक्स मशीनं सर्रास असतात. त्यांच्यावर आधार आणि पॅनच्या प्रती निघतात. मशीन परत देताना मेनूमधून डिस्क पुसायची सोय आहे का ते मेकॅनिकला विचारा. नसेल तर डिस्क काढून घ्या आणि करारात तसं आधीच लिहून ठेवा.

हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनची मला जास्त काळजी वाटते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. आतले ठसे प्रतिमेऐवजी सांकेतिक रूपात असले, तरी ते तुमच्या माणसांचे आहेत. ॲडमिन मेनूमधून सगळे वापरकर्ते काढा, फॅक्टरी रिसेट करा, मग मशीन खाली उतरवा.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यात, साधी हार्ड डिस्कच असते. दुकानात गल्ला किती वाजता मोजतात, लॉकर कुठे आहे, किल्ली कोणाकडे असते, सगळं तिच्यावर दिसतं.

राउटर तर कोणी मोजतच नाही. ईसेट या सुरक्षा कंपनीनं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी १८ वापरलेले कॉर्पोरेट राउटर बाजारातून घेतले. १६ तपासता आले, आणि त्यांतल्या ९ मध्ये आधीच्या मालकाची संपूर्ण मांडणी जशीच्या तशी होती. डिस्क फोडली पण राउटर तसाच दिला, तर घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याला दिल्यासारखं होतं, कारण नव्या कार्यालयात बहुतेकदा वायफायचा जुनाच पासवर्ड पुढे चालवलेला असतो. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, राउटर कोरा होतो. आणि नव्या जागी पासवर्ड नवा ठेवा.

कार्ड स्वाइप मशीन सहसा बँकेचं किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचं असतं. ते भंगारात न देता त्यांना परत करा आणि पोच घ्या. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. मुदत संपलेला असो वा नसो, अशील सोडून गेला की टोकन त्याला सही घेऊन परत द्या. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बॅकअपच्या जुन्या सीडी यांना पुसत बसण्यात अर्थ नाही. कात्रीनं आणि पक्कडीनं तुकडे करा.

सोनोग्राफी मशीनचा विषय वेगळाच आहे. त्यात रुग्णांची माहिती असतेच, पण गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार ते नोंदणी नसलेल्या कोणालाही विकता येत नाही. त्याची विल्हेवाट समुचित प्राधिकाऱ्याला कळवूनच करायची.

मोबाईल एक्सचेंजमध्ये देतोय. रिसेट केला की झालं?

अलीकडच्या फोनमध्ये, हो, बहुतांशी. आयफोनमध्ये आणि गेल्या काही वर्षांतल्या अँड्रॉइडमध्ये साठवण मुळातच कुलूपबंद असते, आणि रिसेटमध्ये किल्ली नष्ट होते. पण क्रम पाळा. आधी बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करा, मग गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग रिसेट. खात्यातून बाहेर न पडता रिसेट केला तर पुढच्या माणसाच्या हातात तो कुलूपबंद फोन राहू शकतो, आणि दुकानदार तुम्हालाच फोन करून पासवर्ड मागतो. तो फोनवर सांगू नका. सिम आणि मेमरी कार्ड काढायला दसऱ्याच्या गर्दीत लोक हमखास विसरतात.

विक्री प्रतिनिधीनं नोकरी सोडली आणि कंपनीचा फोन परत केला, तर तो ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्याच दिवशी पुसा.

पुसण्याआधी काय जपून ठेवायचं?

हे आधी, पुसणं नंतर. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचे हिशोब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं. चौकशी किंवा खटला चालू असेल तर ते मशीन जसं आहे तसं बाजूला ठेवा आणि वकिलांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

टॅलीचा डेटा नव्या मशीनवर उघडून बघा. नुसतं फोल्डर कॉपी झालं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. मागच्या एखाद्या वर्षाचा ताळेबंद उघडला, आकडा जुळला, तर बॅकअप. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर ‘सरेंडर’ करायला विसरू नका, नाहीतर नव्या मशीनवर ते चालू करताना अडचण येते. आउटलुकमधला जुना मेल आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड या दोन गोष्टी नेहमी मागे राहतात.

भंगारवाल्याला देऊच नये का?

भंगारवाला गुन्हेगार नाही. तो तांबं, पत्रा, प्लास्टिक यांचा हिशोब करतो आणि शहरं त्याच्यामुळे साफ राहतात. पण डिस्कसकट मशीन त्याच्या हातगाडीवर ठेवणं ही आपली चूक आहे, त्याची नाही.

कायद्याचंही एक अंग आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात केव्हाही यादीतली एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था ‘घाऊक ग्राहक’ ठरते आणि तिला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्प्रक्रिया करणारे यांनाच द्यावा लागतो. दहा मशीनांचं कार्यालय त्यात येत नाही, तरी मी नोंदणीकृत ठिकाणीच पाठवायला सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर अशा संस्थांची नोंदणी होते. महाराष्ट्रात आणि गोव्यात राज्याच्या प्रदूषण मंडळाकडेही चौकशी करता येते. मशीनं थोडी असतील तर शेजारच्या दोन-तीन कार्यालयांनी मिळून एकच फेरी बोलवा, गाडी येते.

तिथे पाठवतानाही डिस्क आपल्याकडे पुसून, नाहीतर काढून ठेवून मगच पाठवा.

ई-कचरा नेणारे लोक मशीनं फुकट नेतात आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्रही देतात. मग पुन्हा आपण कशाला पुसायचं?

कारण फुकट नेणाऱ्याची कमाई तुमच्या मशीनच्या पुनर्विक्रीत असते, आणि चालू डिस्क फोडली तर ती कमाई बुडते.

इंग्लंडमधल्या सरे भागातल्या एनएचएस या सरकारी आरोग्य संस्थेनं असंच केलं. एका कंपनीनं सांगितलं, मशीनं फुकट नष्ट करतो, बदल्यात उपयोगी सुटे भाग आम्ही ठेवतो. प्रमाणपत्रंही दिली. पुढे ऑनलाइन लिलावात घेतलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये तीन हजारांवर रुग्णांच्या नोंदी निघाल्या. त्यांत लहान मुलांच्या होत्या. २०१३ मध्ये दोन लाख पाउंडांचा दंड झाला, तो आरोग्य संस्थेला. त्याआधीच्या वर्षी ब्रायटनच्या रुग्णालय ट्रस्टला सव्वातीन लाख पाउंडांचा दंड झाला होता. तिथे सुमारे एक हजार डिस्क नष्ट करायचं काम ज्याला दिलं, त्यानंच त्यांतल्या किमान २५२ बाहेर नेल्या होत्या.

मॉर्गन स्टॅनलीसारख्या बलाढ्य वित्तसंस्थेचं उदाहरण मी मोठ्या ग्राहकांना सांगतो. हजारो डिस्क आणि सर्व्हर हटवायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा काहीच अनुभव नव्हता. उपकरणं पुढे विकली गेली आणि इंटरनेटवरच्या लिलावात पोचली. ओक्लाहोमातल्या एका सल्लागारानं काही डिस्क विकत घेतल्या, आत ग्राहकांची माहिती बघितली आणि स्वतः मॉर्गन स्टॅनलीला मेल केला. त्यांना कळलं ते असं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकानं साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. त्याआधी २०२० मध्ये बँक नियामकाचा सहा कोटींचा लागला होताच.

प्रमाणपत्र घ्याच. पण त्यावर प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, पद्धत, तारीख आणि करणाऱ्याची सही हवी. ‘२५ नग संगणक साहित्य नष्ट केले’ असा एका ओळीचा कागद काहीच सिद्ध करत नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही. धंद्याच्या दृष्टीनं तीन गोष्टी. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्यानं ती ठेवायला लावलेली नसेल, तर ती पुसायची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आणि काम बाहेरच्याला दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो.

याशिवाय सर्ट-इन या केंद्रीय सायबर यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, माहिती फुटल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे.

चांगली मशीनं गावातल्या शाळेला द्यायची आहेत. फोडून टाकायची का?

फोडू नका. चालू मशीन फोडायला माझं मन होत नाही, आणि गरजही नसते. डिस्क पूर्ण पुसा आणि द्या. पुसण्यावर विश्वास बसत नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि १२० किंवा २४० जीबीची नवी एसएसडी टाकून द्या. जुनं मशीन त्यानं पळायला लागतं आणि मुलांना ते आवडतं. अशी मशीनं मी शाळेत बसवून दिली आहेत, आणि त्या दिवशी चहासुद्धा जास्त गोड लागतो. विंडोज ११ चढत नसेल तर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, शाळेच्या कामाला ती पुरते.

नोंद कशी ठेवायची? आमच्या पतसंस्थेत निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू हिशोबातून काढून टाकण्याचा ठराव होतो, तेवढं पुरतं का?

ठराव आणि डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद वस्तूचा हिशोब देते, माहितीचा देत नाही. ‘संगणक नग ४, निर्लेखित’ असं लिहिलेलं असतं, डिस्कचं नाव कुठेच नसतं. त्याच रजिस्टरला आणखी रकाने जोडा: डिस्कचा सीरियल नंबर, कधी बंद झाली, कधी आणि कशी पुसली, कोणी तपासलं, कोणाला दिली. पुसण्याच्या वेळी डिस्कच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढा. मशीनच्या बाहेरच्या नंबरावर विसंबू नका, मधल्या काळात डिस्क बदललेली असते.

आणि बंद झालेल्या मशीनची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करा. ‘ऑफिस बघेल’ असं म्हटलं की कोणीच बघत नाही. मशीन बंद झालं की आठ दिवसांत डिस्क पुसलेली किंवा कुलपात, असा नियम मी माझ्या ग्राहकांकडे लावला आहे. माळा त्या नियमात बसत नाही.

मशीन गेलं. न पुसता गेलं. आता काय करू?

आधी ते कुठे आहे ते शोधा. यात लाजायचं काही नाही, आणि तासातासाला फरक पडतो. माझ्या एका ग्राहकाकडे जागा बदलताना दोन मशीनं भंगारात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं. शिपाई भंगारवाल्याला ओळखत होता. आम्ही त्याच्या वखारीत गेलो, मशीनं गोणीत तशीच होती. त्यानं दोन्ही डिस्क काढून दिल्या, पैसे घ्यायला तयार नव्हता, बळेच दिले.

सापडलं नाही, तर त्या मशीनवर काय होतं याची यादी जुन्या बॅकअपवरून करा. आठवणीवर जाऊ नका. त्या मशीनवरून उघडलेल्या मेल, बँक, आयकर, जीएसटी अशा प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा, नाहीतर जुन्या मशीनवर खातं उघडंच राहतं. डिजिटल सहीची फाइल त्यावर असेल तर ती सही रद्द करून घ्या. सर्ट-इनला कळवा, पोलिसांत अर्ज देऊन पोच घ्या. पैशांचा गैरव्यवहार दिसला तर लगेच १९३० वर फोन करा.

मग अशिलांना सांगा. कुठल्या मशीनवर, कुठल्या वर्षांची, त्यांची कोणती माहिती होती आणि त्यांनी आता काय बदलावं, एवढं साध्या शब्दांत. फोनवर सांगा आणि मागाहून लेखी पाठवा.